उत्पन्न साडेनऊ लाख

२ जून
बारावी झाली. अक्षताला बाहेरगावच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचंय. सरकारी म्हणजे स्वस्त, असं लोक धरून चालतात. मी नाही चालत. भवानी पेठेत वीस वर्षं टॉवेल-चादरीचं दुकान चालवणारा माणूस आधी हिशेब बघतो. एक्सेल उघडलं. रकाने सरळ करण्यात दोन तास गेले.

३ जून
खर्च : फी, होस्टेल, मेस, पुस्तकं, एसटी. मिळकत : चार वर्षांनी पगार. यूट्यूबवरचा माणूस बारा लाख म्हणतो. मी सावध माणूस, अकरा धरले. सगळा खर्च आठ महिन्यांत वसूल. अक्षताने शीट बघून विचारलं, अप्पा, पगार माझा आणि वसुली तुमची कशी? मुलीचं फायनान्स कच्चं आहे.

७ जून
सावित्रम्मा म्हणाली, पोरीला जायचंय तर जाऊ द्या की, एवढं काय लिहीत बसलाय. बायकोला आकड्यांचं वावडं. दिवसभर कडक भाकरी भाजायची, शेंगा चटणी कुटायची, पुण्याला पार्सलं पाठवायची. टाइमपास. तिचा रकाना शीटमध्ये घातलेला नाही. किरकोळ गोष्टी धरल्या की मोठं चित्र दिसत नाही.
दुकानात गिऱ्हाईक : दोन. त्यातल्या एकाला सुटे हवे होते.

१९ जून
अक्षताने माहिती आणली. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना ट्युशन फी माफ. म्हणजे वर्षाला छत्तीस हजार वाचले. शीट लगेच सुधारली. घरात सगळ्यांना स्पष्ट सांगून टाकलं : फी माफ झाली तर कॉलेज, नाही तर इथंच बी.एस्सी. अक्षता ताटावरून तशीच उठली. उत्पन्नाचा दाखला काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

२४ जून
सेतू केंद्र. लांब रांग. माझ्या मागे नेमका प्रभु. समोरच्या चादरीच्या दुकानाचा मालक. पंधरा वर्षं माझ्या रिकाम्या दुकानाकडे बघून गालातल्या गालात हसतो. काउंटरवरच्या बाईंनी केवढ्याने विचारलं, वार्षिक उत्पन्न किती? प्रभुने मान पुढे काढली. माझ्या तोंडून साडेनऊ लाख निघून गेलं. बाईंनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. सही ठोकली. प्रभुचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाजारात पत टिकवावी लागते.
मग प्रभुचा नंबर आला. न लाजता एक लाख ऐंशी हजार म्हणाला. एवढ्या लोकांत! कीव आली.

२ जुलै
दाखला आला. लॅमिनेट करून घेतला. गल्ल्याच्या मागे लावावा म्हणतो.
अक्षता दाखल्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अप्पा, आठच्या आत पाहिजे होतं. मी म्हणालो, दीड लाखाने काय मोठा फरक पडतो? पोरगी रडायलाच लागली. सावित्रम्माने विचारलं, हे साडेनऊ लाख कुटं ठेवलेत? दाखवा तरी मला. मी म्हणालो, तो टर्नओव्हर आहे. टर्नओव्हरही तेवढा नाही, पण तो मुद्दा वेगळा.
निश्चय : उद्याच दुरुस्ती.

३ जुलै
दुकान बंद ठेवून जायचं, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं तर? थांबलो. आलं नाही. पण हे आधी कसं कळणार?

८ जुलै
तहसीलला जाऊन आलो. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र लागतं म्हणे. आधीचा आकडा का चुकला आणि खरा किती, दोन्ही लिहून द्यायचं. कारण काय लिहू? मागे प्रभु उभा होता, असं लिहू? कोरा अर्ज घडी घालून खिशात टाकला. चहा घेतला. घरी आलो. घरी सांगितलं, साहेब रजेवर आहेत.

१४ जुलै
तोडगा सापडला! अक्षताचा पगार अकरावरून अठरा लाख केला. आता फी भरूनही परवडतं. एक्सेल म्हणजे कमाल चीज. अडचण एवढीच की छत्तीस हजार आत्ता लागतात आणि अठरा लाख चार वर्षांनी येतात.

२९ जुलै
अक्षताचा नंबर लागला! सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. पेठेत पेढे वाटले. प्रभुला दोन दिले. सात तारखेपर्यंत कागद द्यायचेत. अक्षताने विचारलं, साहेब अजून रजेवरच आहेत का? ह्या पिढीला धीर म्हणून नाही.

१ ऑगस्ट
दुपारी दुकानात कोणी नव्हतं. निदान खरा आकडा तरी बघावा म्हणून विक्रीची वही काढली. वर्षाचा नफा एक लाख चौदा हजार. तीनदा बेरीज केली. प्रभुपेक्षाही कमी. मग क्लासची फी, लाइट बिल, नवा फ्रिज, हे सगळं आलं कुठून? शेवटी वहीतच काहीतरी चुकलं असणार असं ठरवलं.

४ ऑगस्ट
टेबलावर नवा दाखला. मायलेकी पंधरा दिवसांपूर्वीच तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र देऊन आल्या होत्या. मला पत्ता नाही. सोबतची प्रत वाचली. पती, दुकान : एक लाख चौदा हजार. पत्नी, भाकरी व चटणी विक्री : दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. एकूण चार लाख दोन हजार. आधीचा आकडा चुकण्याचं कारण : पतीने अंदाजे सांगितला.
अंदाजे! बाईने माझी लाज राखली. एक लाख चौदा मी कुणाला बोललो नव्हतो. तिला कधीपासून माहीत होतं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

७ ऑगस्ट
तिघंही कॉलेजला. इमारत जुनी, पण भक्कम. फी माफ. अक्षता महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मलाही फार बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. क्लार्कने हमीपत्र पुढे सरकवलं आणि म्हणाला, कमावत्या पालकांनी सही करा. मी ऐटीत पेन काढलं, टोपण उघडलं. अक्षताने पेन माझ्या हातातून अलगद घेतलं आणि आईला दिलं. सावित्रम्माने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. क्लार्कने मला विचारलं, आपण कोण?
पेन माझं आहे, म्हणालो.