चाकं तुमची, वाफ माझी

४ जानेवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दादा जाऊन बरेच महिने झाले, तेव्हा आता मुद्द्याचं लिहिलं तर राग मानू नये. मानलात तरी लिहिणार आहेच. तुमच्या शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर जी लाकडी पेटी आहे, ती माझ्याकडे पाठवावी. तीत रुळावर धावणाऱ्या वाफेच्या छोट्या इंजिनाचा बॉयलर आणि वरचं सगळं अंग आहे. सांगाडा, चाकं आणि सिलिंडर माझ्या पेटीत आहेत.

सुट्या भागांचं हे किट आम्ही दोघा भावांनी मिळून मागवलं होतं, हे तुम्ही जाणता. नकाशात दाखवलंय तसंच्या तसं जोडायचं, हा दादाचा हट्ट. जोडतानाच सुधारत जायचं, हा माझा. त्यावरून आम्ही असे कडाकडा भांडलो की शेवटी त्याने एक पेटी माझ्या हातात कोंबली, दुसरी स्वतःकडे ठेवली, आणि एकाशिवाय दुसऱ्याने इंजिन पुरं करायचं नाही असं ठरवून टाकलं. पुढे आम्ही बोलेनासेच झालो. आता तो नाही, म्हणजे ते ठरवणंही उरलं नाही.

तुम्हाला त्या पेटीचा काय उपयोग? उगाच धूळ पुसत बसता. दादाची एकही वस्तू माझ्याकडे नाही आणि दुसरी कुठली मी मागतही नाही. आमच्या छापखान्याचा टेम्पो तुमच्या बाजूला येतो, त्याच्याकडे द्यावी.

लोभ किती आहे ते दोघांनाही ठाऊक आहे. आहे तेवढा राहू द्यावा.

आपला,
धाकटा दीर


१३ जानेवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. (लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. मनापासूनचे हवे असतील तर वेगळे मागा.)

टेम्पो आला आणि रिकामा गेला. चालकाला चहा दिला, पेटी दिली नाही.

धूळ पुसत बसते हे खरं. लग्नाला जितकी वर्षं झाली त्यातली निम्मी ती पेटी माझ्या डोक्यावर होती. शिवताना मान वर केली की तीच. हे रोज जेवून उठले की तिच्याकडे बघायचे आणि तुमचं नाव न घेता सुस्कारा टाकायचे. मागच्या महिन्यात मीच ती खाली काढली आणि उघडली. नकाशा टेबलावर पसरला आहे. भाऊजी, मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू बसवते, काड्या वाकवते, कानस चालवते. तुमच्या बॉयलरच्या नळ्यांना मी भ्यावं असं त्यात काही नाही.

तेव्हा उलट मीच मागते. चाकं इकडे पाठवा. इंजिन पुरं होईल ते ह्यांच्या घरात होईल, नाहीतर होणार नाही.

माया कमी झाली आहे असं समजू नये. ती आधीही बेताचीच होती.

तुमची,
वहिनी


२४ जानेवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझ्या डोक्याच्या शिरा तडकल्या. ती शिलाई नव्हे, चुकली की उसवली. बॉयलरमधलं पाणी संपलं आणि बर्नर जळत राहिला तर तांबं बसकण मारतं, आणि मग त्याला जगात कुणी वाली नाही. वाफेचा दाब म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? हात लावू नका. विनंती नाही, बजावतो आहे.

माझ्याकडची बाजू कधीच तयार झाली आहे. सायकलच्या पंपाने हवा भरली की चाकं सरसर फिरतात. मूळच्या पिना बदलून पोलादी घातल्या, तेलाची डबी मोठी केली, पुढे-मागे करायला दांडा बसवला. छापखान्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत बघायला येतात आणि विचारतात, की याचा वरचा भाग कुठे आहे. काय सांगू त्यांना? आमच्या वहिनीने अडवून ठेवलाय असं सांगतो. चारचौघांत तुमचं नाव होतंय ते असं.

चाकं मिळणार नाहीत. प्रकृतीची काळजी घ्यावी, आणि बर्नरची जास्त.

आपला,
धाकटा दीर


१० फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

काल बॉयलर पेटवला.

छोटी इंजिनं चालवणाऱ्या तुमच्या हौशी मंडळाचे तपासनीस घरी आले होते. तेच म्हातारे, ज्यांच्यासमोर तुम्ही दोघं भांडला होतात. त्यांनी बॉयलरमध्ये आधी नुसतं पाणी कोंबून, चालवताना असतो त्याच्या दुप्पट दाब दिला आणि खुर्ची टाकून काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर विटा मांडून मी बर्नर लावला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तेव्हा शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुकर फुटला.

आणि हो, मीही सुधारणा केली. आत पाणी किती आहे ते दिसावं म्हणून काचेची नळी बसवली. मूळचा बर्नर घशात खरखर असल्यासारखा वाजायचा, त्याच्या जागी जाळीचा घातला, आता नुसता पुटपुटतो. ह्यांना आवडलं नसतं. पण आवडलं नसतं म्हणून सांगायला ते आहेत कुठे?

तुम्ही तरी कुठे होतात? ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा दारावर कुणी आलं की त्यांची मान वळायची. शेवटच्या दिवशी आलात, फाटकापाशी उभे राहिलात आणि तिथूनच गेलात. त्या माणसाने आता वस्तूवर हक्क सांगावा! माझ्या हातून वाफ निघते आहे आणि ती ओट्यावर फुकट जाते आहे. चाकं धाडा.

बाकी सर्व ठीक, म्हणजे काही ठीक नाही.

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
नमस्कार.

फाटकाचं लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याही मनात ते कुजत होतं.

दादा आजारी आहे हे कळलं तेव्हा मी फोन केला होता. तुम्ही उचललात. येऊ का म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात की आता बरं आहे, तुम्हाला बघून उगाच त्रास करून घेतील, जरा थांबा. मी थांबलो. तुमच्या शब्दावर थांबलो आणि माझा भाऊ गेला. आता मान वळायची, दार बघायचे, हे मला पत्रातून कळवता! मी तुम्हाला कधी उलट बोललो नाही. आज लिहितो, मला तुमचा राग येतो. सकाळी छापखान्यात यंत्र सुरू करतानाही येतो.

तपासनीसांचा निरोप आला आहे. दोन्ही भाग रविवारी मंडळाच्या रुळावर आणा, तिथे जोडा, मग कुणी न्यायचं ते भांडत बसा, असं त्यांचं म्हणणं. मी येतो आहे. चाकं माझ्या हातातून सुटणार नाहीत.

आपला,
धाकटा दीर


२६ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद आज राहू दे.

साऱ्या मंडळासमोर शोभा झाली ती तुमच्यामुळे. या किटच्या नकाशात बॉयलर पुढच्या बाजूला जरा उंच बसतो, हे मंडळातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. त्यासाठी सांगाड्यावरची पितळी बैठक घासायची किंवा बॉयलरचा पाय घासायचा, दोन्हींतलं एक. मी पाय घासला. कारण बैठक तुमच्याकडे आणि तुम्हाला नव्या नव्या दांड्यांचा सोस, ही गोष्ट तुमच्या ध्यानात येईल असं मला वाटलं नाही. आणि तुम्ही बैठक घासून बसलात! वर तोंड करून म्हणता की वहिनीला जमणार नाही म्हणून घासली. आता बॉयलर नाक खाली करून बसतो, वाफेच्या नळीची तोंडं जुळत नाहीत, आणि जो तो हसतो.

एकदा विचारायचं होतं. एवढी पत्रं लिहिलीत, त्यात शिव्यांना जागा होती, ‘बैठक घासतो आहे’ एवढ्या एका ओळीला नव्हती?

वहिनी


४ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

ओळ तुम्हालाही लिहिता आली असती.

आमच्याकडे ठसा खाली बसला की त्याच्याखाली कागद घालतात. तसं जाड कागदाच्या घड्या घालून बैठक उचलून बघितली. नळी जुळेल इतकी उंची होते. मापाला तेवढेच कागद सोबत पाठवतो, मधे तेल लागलेलं नाही. कागद वाफेत टिकणार नाही हे मलाही कळतं, शहाणपण शिकवू नये. पितळेची पट्टी कापायची तर माझ्याकडे त्या जाडीचा पत्रा नाही. तुमच्या दुकानात असेल तर बघा. नसेल तर राहू द्या, सगळंच राहू द्या.

आपला,
धाकटा दीर


१२ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

पट्टी पाठवते आहे. भिंगाची जाडी मोजायच्या साधनाने कागद मोजले आणि त्या मापाची केली. कडा मारून घेतल्या आहेत. कृपा करून घासू नका.

वहिनी


१९ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

बसली. घासावी लागली नाही. रविवारी येतो.

धाकटा


२८ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी पुरते लिहिले आहेत.

इंजिन चाललं. कसं चाललं ते तुम्ही बघितलंत, मी काय लिहू? आधी नुसतं पाणी थुंकलं, मग ठसक्यात निघालं. तुम्ही त्याच्यासोबत वाकून चालत होतात आणि मी पलीकडून. आपण एकमेकांकडे बघत नव्हतो, ते बरंच होतं.

मग त्या वळणावर, मान वर न करता, तुम्ही दादाला हाक मारून पाणी बघायला सांगितलंत. तुमच्या ध्यानातही आलं नाही. मला तुमचा त्या वेळी इतका राग आला की तुम्हाला ढकलून द्यावंसं वाटलं. ती हाक ऐकायला ते माणूस किती झुरलं, आणि ती आली ती माझ्या वाट्याला. पण पाणी मी बघितलं. अर्धी नळी भरली आहे म्हणून सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात आणि चालत राहिलात.

फोनवर मी काय बोलले ते मला आठवतं. त्याबद्दल पत्रात लिहिणार नाही. तोंडावर विचारायची छाती असेल तर विचारा.

आता मुख्य. मी बर्नरच्या गॅसचा मंडळाचा डबा परत करायला गेले तेवढ्यात तुम्ही सबंध इंजिन बाकावर सोडून निघून गेलात. म्हाताऱ्यांकडे निरोप ठेवलात म्हणे, की वहिनीकडेच राहू दे. मोठे उदार! मला हे दान नको. इंजिन माझ्या फळीवर गेलं की तुमची वहिनी फिटली, भाऊ फिटला, पुन्हा इकडे फिरकायला नको, असा तुमचा हिशेब. मी ओळखून आहे.

म्हणून घरी येऊन मी बोल्ट काढले. सोबतच्या पेटीत तुमची चाकं पुसून, तेल लावून परत पाठवली आहेत. बॉयलर माझ्याकडे राहील, पुन्हा मागू नका. पुढच्या महिन्यात रूळ मिळतो का विचारलं, मिळतो. दोघांची नावं देऊन आले आहे. येताना चाकं घेऊन या आणि वेळेवर या.

तुमच्यावरचा माझा राग पुष्कळ शिल्लक आहे, भाऊजी. तो टपालाने संपायचा नाही.

तुमची,
वहिनी