खालचा डावा कोपरा

प्रिय भिंगरी,

फोनवर आपण रोज बोलतो, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी एक वाक्य काढलं की तुझी तीन येतात, मग शाळा सुटायची वेळ होते आणि पोरांना आणायला जायचं म्हणून तू फोन ठेवतेस. आज मला सगळं ओळीने सांगायचंय, मधलं काही न गाळता. गाळायची सवय मला फार जुनी आहे, म्हणून कागद घेतला.

माझं काम तुला माहीत आहे, म्हणजे ‘ताई खेळणी दुरुस्त करते’ एवढं माहीत आहे. गेमझोनमध्ये तेवीस मशिनं आहेत आणि सगळ्यांची नाडी माझ्या हातात. त्यातलं सगळ्यात जास्त चालणारं मशीन म्हणजे ते भुताचं. काळी केबिन, दोन्ही बाजूंना जाड काळे पडदे, आत दोघांना बसायला बाक, समोर भिंतीएवढी स्क्रीन आणि दोन बंदुका, एक लाल, एक निळी. एका ओसाड इस्पितळातून तुम्ही चालत जाता आणि मेलेली माणसं दारांतून, खाटांखालून, छतातून अंगावर येतात. तुम्ही नेम धरून चाप ओढायचा. ज्याला मारायचं राहिलं तो तुम्हाला ओरबाडतो, स्क्रीन लाल होते, बाक हादरतो आणि एक जीव जातो. चांगली दणकट माणसं आत जाऊन किंचाळतात आणि हसत बाहेर येतात. मला त्याची भीती कधीच वाटली नाही. त्या प्रेतांच्या पोटातल्या वायरी मीच बदलते, त्यांना काय घाबरायचं?

रोज सकाळी गेमझोन उघडायच्या आधी मी त्या केबिनमध्ये बसते. बंदुकांचा नेम हलतो, तो जुळवावा लागतो. स्क्रीनवर एकेका जागी फुली उमटते, तिच्यावर गोळी झाडायची की पुढची फुली येते. मधली एक, कोपऱ्यांतल्या चार. मग पहिला टप्पा खेळून बघायचा आणि वहीत सही करायची. दहा मिनिटांचं काम. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ते दहा मिनिटांत संपलं नाही. चार फुल्या झाल्या आणि पाचवी येईचना. मी बंदूक हातात धरून वाट बघत बसले. मान वळवली तेव्हा ती खालच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकताना दिसली. मला वाटलं, उशिरा उमटली. आतलं सर्किटचं कार्ड जुनं झालंय, अडखळत असेल. वहीत तसं लिहिलं आणि खेळायला लागले.

तिसऱ्या दालनात मी मेले. तसं मी कधीही मरते, पण या वेळी मला कोणी मारलंच नव्हतं. समोरचा व्हरांडा रिकामा होता. कोणी नव्हतं, भिंगरी. आणि अचानक ओरबाडल्याचा आवाज झाला, स्क्रीन लाल झाली, बाक हादरला. पुन्हा खेळले. पुन्हा तोच व्हरांडा, तेच रिकामेपण, तोच ओरबाडा. तिसऱ्यांदा मी टक लावून बघत राहिले. काही आलं नाही, आणि तरी मला मारून गेलं.

हे वाचताना तू हसशील. मीही स्वतःला हसून घेतलं. मग मी बंदुकीचं भिंग बदललं, केबल बदलली, कार्ड काढून दुसरं बसवलं. मॅनेजर म्हणाला, “गिऱ्हाइकांची एकही तक्रार नाही, मग तू कशाला त्याचं पोट फाडत बसलीयस?” त्याचं बरोबर होतं. लोक खेळत होते, तो व्हरांडा पार करून पुढे जात होते. फक्त मी सकाळी एकटी बसले की ते यायचं. मग मला पडदे खाली सोडून बसायची भीती वाटायला लागली. मी एक पडदा वर बांधून ठेवायची, पाठ भिंतीला लावायची. बावीस वर्षं मशिनं उघडून बसणारी मी, आणि माझ्या मनात येऊ लागलं की यात खरंच काहीतरी शिरलंय आणि ते फक्त मला ओळखतं.

ते केबिनच्या बाहेरही यायला लागलं. रस्त्यावर डावीकडून एकदम कोणीतरी खांद्याला घासून जायचं, जणू जमिनीतून उगवल्यासारखं. सायकलवाला शिव्या देऊन गेला, मला सायकल दिसलीच नव्हती. घरात स्टुलाला नडगी आपटायची, पुन्हा पुन्हा तीच नडगी. मी स्टूल हलवलं. मग दाराच्या कडीला लागलं. लक्ष नाही, वय झालं, झोप नीट होत नाही, अशी कारणं मी स्वतःला पुरवत राहिले.

शेवटी मी टोकनवाल्या मावशींना केबिनमध्ये बसवलं. काउंटरवर टोकनं देतात आणि फावल्या वेळात लोकरीचं विणतात त्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही खेळ खेळलेला नाही. मी लाल बंदूक घेतली, निळी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, नुसतं बघा, तिसऱ्या दालनात काय होतं ते सांगा. आम्ही व्हरांड्यात पोचलो. समोर रिकामं. मावशी शांतपणे म्हणाल्या, “अगं, मार ना त्याला.” मी विचारलं, “कोणाला?” त्या म्हणाल्या, “ते काय, खाली, डावीकडे. फरशीवरून रांगत येतंय केव्हाचं. इतकं मोठं धूड. तू बघत का नाहीस?” आणि मग स्क्रीन लाल झाली.

मावशी बंदूक ठेवून माझ्याकडे वळल्या. त्यांनी स्वतःचा हात माझ्या डाव्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला आणि विचारलं, “दिसतोय?” मी म्हटलं, नाही. त्यांनी आणखी पुढे आणला. नाही. हात जवळजवळ माझ्या नाकासमोर आला तेव्हा बोटं दिसली. मागे तो खेळ पुढचं टोकन मागत होता, त्याचं ते भेसूर संगीत चालू होतं. मावशींनी हात पुढे करून आवाज बंद केला.

आता ते सांगते जे मी आजवर गाळत आले. त्या बाकावर बसल्या बसल्या मला कळलं होतं हे काय आहे. त्याला नाव आहे आणि ते नाव मला सतरा वर्षांपासून माहीत आहे.

तुला बाबांचे गुडघे आठवतात. गुडघे गेले म्हणून त्यांनी रंगकाम सोडलं, असंच तुला आम्ही सांगितलं. बाबांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. तू तेव्हा नुकतीच नोकरीसाठी आता राहतेस त्या गावी गेली होतीस. एक दिवस बाबा शिडीवरून उतरताना सरळ रंगाच्या बादलीत पाय घालून उभे राहिले. बरोबरचे रंगारी पोट धरून हसले, बाबाही हसले, घरी येऊन मला निळा पाय दाखवला आणि मीही हसले. आठवड्याने पुन्हा तेच. मग शिडीची खालची पायरी चुकली आणि ते पडले. मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, फार पुढे गेलेला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने चोरासारखा येतो आणि मधलं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. डॉक्टर बाबांशी बोलून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “हा रक्तातून येतो. तुम्हाला बहीण आहे का? दोघींनी पस्तिशी गाठली की दर वर्षी डोळे तपासून घ्या. विसरू नका.”

बाबा बाहेर बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, “धाकटीला सांगू नकोस. ती धसका घेईल.” मी बरं म्हटलं. पुढे ते गेले तेव्हा तरी मी सांगू शकले असते. चार वर्षं झाली त्याला. सांगितलं नाही. बाबांना शब्द दिला होता म्हणून नाही, भिंगरी. तुला सांगितलं असतं तर मलाही तपासायला जावं लागलं असतं, आणि मला जायचं नव्हतं. एवढंच. मी धसका घेतला होता आणि नाव तुझं पुढे केलं.

बाबांबद्दल तुझ्या मनात एक काटा आहे, मला ठाऊक आहे. तू नवी व्हॅन घेऊन दारात आलीस, शाळेच्या पोरांसाठी पिवळी धमक रंगवलेली, आणि बाबा भलतीकडे तोंड करून उभे राहून “छान आहे” म्हणाले. तू मला नंतर म्हणालीस, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांना तेव्हा नळीतून बघावं तसं दिसत होतं. ते गाडी शोधत होते. तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, पिवळा नेमका कोणता, लिंबासारखा की हळदीसारखा. मी हळदीसारखा म्हटलं. मग दिवसभर खुशीत होते.

मावशींनी मला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं, अक्षरशः दंडाला धरून. तिथे एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला हसू आलं, म्हटलं हे तर माझंच काम. सुरुवातीला दिसले उजेड, दाबलं बटण. मग काही दिसेना. मशीन मात्र चालूच होतं. आत काहीतरी सरकल्याचा, खट् झाल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा खट्. मशिनांचे आवाज मला कळतात. प्रत्येक खट् म्हणजे एक दिवा लागून गेला होता, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी बसले होते अंधारात. मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. तपासणारी मुलगी म्हणाली, “बटण दाबताय ना ताई?” माझा अंगठा बटणावरच होता. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलंय. उजव्याचं नाकाकडचं जायला लागलंय. दोन्ही मिळून डावीकडे, खाली, एक भोक पडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलंय ते थेंबांनी सांभाळता येईल, बहुतेक आयुष्यभर, फक्त थेंब चुकवायचे नाहीत. मी चुकवत नाही. स्कूटर विकून टाकली. मॅनेजरला सांगितलं, तो म्हणाला, तुला बोटांनी मशिनं कळतात, राहा. मी ठीक आहे. मनाची तयारी करतेय. संध्याकाळी घरात मान वळवून वळवून चालते, कोंबडीसारखी. तुला बघून हसू येईल.

पण माझ्यासाठी पत्र लिहीत नाहीये मी. मागच्या वर्षी तू आली होतीस तेव्हा आपण दोघी त्या केबिनमध्ये बसलो होतो, तुला लाल, मला निळी. त्या तिसऱ्या दालनात तू दोनदा मेलीस आणि म्हणालीस, “हे कुठून आलं? इथे तर कोणी नव्हतं.” मी म्हटलं, हसण्यात लक्ष गेलं तुझं. परवा फोनवर तू सांगितलंस, व्हॅनचा एकाच बाजूचा आरसा दुसऱ्यांदा फुटला, आणि मग सहज, हसत हसत, शाळेच्या फाटकाशी एक छोटी मुलगी अचानक समोर आली, कुठून आली कळलंच नाही, बरं झालं ब्रेक लागला. तू पुढे गॅरेजवाल्याची गंमत सांगत होतीस आणि मी त्यातलं काहीच ऐकत नव्हते. काही नसेलही. देव करो आणि मी मूर्ख ठरो. पण तू एकोणचाळीस वर्षांची आहेस, कधी डोळे तपासले नाहीस आणि रोज अकरा पोरं घेऊन गाडी चालवतेस. म्हणून आज पहाटे फोन करून सांगितलं की गाडी काढू नकोस, पोरांच्या घरी कळव, मी येतेय. तू कारण विचारलंस तेव्हा लाईन तुटल्याचं सोंग केलं, कारण तोंडाने सांगायचा धीर मला अजूनही नाही. हे बसमध्ये लिहितेय. पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा मी तुझ्यासमोरच बसलेय आणि तुझ्याकडे बघायची मला भीती वाटतेय. दवाखान्यात साडेअकराची वेळ घेतलीय, दोघी चालत जाऊ. मला काय बोलायचं ते तिथून आल्यावर बोल, हवं तेवढं बोल. आत्ता फक्त गाडीची किल्ली माझ्या हातात दे.

तुझीच,
उशीर केलेली ताई