आबा, माल रोलरखाली गेला

आबा, काल आपला माल रोलरखाली गेला. चोरीचा नव्हता, कुजलेला नव्हता. नव्याकोऱ्या बाहुल्या, रिमोटच्या गाड्या.

तुम्ही गेल्यापासून पनवेलचं खेळण्यांचं दुकान मीच बघते. तुम्ही मालक असून स्वतः मुंबईच्या घाऊक बाजारात जायचात, भोवरासुद्धा फिरवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाहीत. आता गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र दाखवतं आणि म्हणतं, "हेच पाहिजे." तेच शोधत मी परदेशातल्या एका कारखान्यापर्यंत पोचले आणि दिवाळीचा सगळा माल तिथून मागवला. जहाज समुद्रात असतानाच इथला नियम बदलला. सरकारी शिक्का नसलेलं खेळणं आता देशात घेता येणार नाही. माल बंदराजवळ द्रोणागिरीच्या गोदामात अडकला. परत पाठवावा म्हटलं, तर कारखानावाले फोनच उचलेनात. शेवटी कस्टमवाल्यांनी माल नष्ट करायचा हुकूम काढला.

आठवतंय, आबा? मी कॉलेजात आहे, एकाच व्यापाऱ्याला सगळी ऑर्डर देऊन ऐटीत घरी आले आहे. तुमचा घास हातातच थांबतो. "सगला माल एका दारातनं आनू नको, पोरी. त्यानं दार लावलं मंजे काय करशील?" मी म्हणते, "पण आबा, तो स्वस्त देतो." तुम्ही पुन्हा जेवायला लागता.

काल गोदामामागच्या मोकळ्या जागेत खोके ओतले. "मॅडम, तुम्ही थांबलंच पाहिजे असं नाही," अधिकारी म्हणाला. तरी मी थांबले. पोट दाबलं की हसणाऱ्या बाहुल्या होत्या त्या, आबा. रोलर चढला आणि सगळ्या एकदम हसायला लागल्या.

आज सकाळी इथल्याच तीन कारखान्यांशी बोलले. दिवाळीला निम्मी फळी तरी भरेल म्हणतात. दुकान उघडं राहील.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पण एक गोष्ट घरी कुणालाच सांगितली नाही. ते हसणं ऐकून मी पुढे धावले आणि ओरडले, "थांबा, मालक येतायत!" रोलर थांबला. अधिकाऱ्याने विचारलं, "कुठवर आलेत?" तो गेटकडे बघत राहिला, आणि मीपण.