दुये पोहला नव्हता

स्प्लिट, १९४७

शिमेकाका,

पोहायला तुम्ही शिकवलंत म्हणून मी देशात पहिली आले. मग तुमच्या मुलाबरोबर, दुयेबरोबर, इटालियन फौजेविरुद्ध लढायला गेले. तो पोहता पोहता बुडाला असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं.

त्या पहाटे शिपायांनी आम्हाला किनाऱ्यावरच्या खडकांत गाठलं. आमची नाव लांब, खोल पाण्यात उभी होती. सोबतचा अंते जखमी होता, आणि पोहत मी एका वेळी एकालाच ओढून नेऊ शकत होते. दुये हसला. म्हणाला, "दर शर्यतीत तूच पुढे असतेस ना? मग हो पुढे! मी आलोच मागून."

अंतेला नावेत चढवून वळून पाहिलं, तर दुये खडकावरूनच गोळ्या झाडत होता. "त्याची मांडी फुटलीय गं," अंते रडत म्हणाला, "कोटाखाली लपवली होती." मी परत पाण्यात उतरले, तोवर त्याची बंदूक थांबली होती.

धक्क्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "पोहताना हात नीट मारत होता ना?" मी हो म्हटलं. आता तुम्ही ते पोहायला शिकणाऱ्या पोरांना अभिमानाने सांगता, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

काका, तो कोट मी उचलून पाहिला असता, तर आधी दुयेलाच नेलं असतं. मग आज अंतेच्या आईला लिहीत बसले असते.

तुमची,
येर्का