दोन मिनिटांची कानस

हॉफर्स रन, पेनसिल्व्हानिया
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय बंधू मेरिल,

तू आणि अर्लीन दोघंही खुशाल आहात असं धरून चालतो. इकडे माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण एकाहत्तराव्या वर्षी गुडघा गप्प बसला तरच काळजी करायची. चर्च गरम ठेवणारी भट्टी पुन्हा बंद पडली. मागच्या रविवारी सगळे कोट घालून प्रार्थनेला बसले होते आणि पाद्रीबुवांनी प्रवचन अकरा मिनिटांत आटोपलं. लोक म्हणाले, भट्टी अशीच राहू द्या.

हरणांच्या शिकारीचा हंगाम तीस तारखेला सुरू होतोय. सफरचंदाच्या जुन्या बागेमागे एक मोठा नर दिसतो, डावं शिंग मोडकं. अर्लीनला सांग, तिच्या हातच्या बीटाच्या लोणच्याची शेवटची बरणी मी जपून वापरतोय. तुम्ही तिच्या माहेरी राहायला गेल्यापासून इथे तसं कोणी करत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आपल्या नेमबाजी क्लबात हाताने जोडायच्या पिस्तुलाचं नवं किट आलंय. त्याच कंपनीचं. पिस्तुलाची तीच प्लास्टिकची चौकट, नवी आवृत्ती, रंग तेवढा वाळूसारखा. आता ही टपालाने घरी येत नाही, चौकटीवर नंबर असतो आणि दुकानात कागद भरून सही करूनच हातात पडते. बाकी खोकं तसंच. खोक्याच्या मागच्या बाजूला माझं वाक्य अजून छापलेलं आहे, 'ज्याला नीट वाचता येतं त्याला हे किट जमेल. हार्लन झेर्बी, अडतीस वर्षं साच्यांच्या कारखान्यात.' ते बघून मी खोकं उलटं ठेवलं.

किट तपासून क्लबाच्या पत्रकात शेरा द्यायचं काम माझ्याकडेच असतं, हे तुला ठाऊक आहे. पण या वेळी युनिस होक आडवी आली. शाळेतून निवृत्त झाली तरी बाईंची छडी सुटलेली नाही, आणि आता तर ती क्लबाची चिटणीस आहे. मला म्हणाली, "तूच जोडायचंस आणि तूच शेरा द्यायचास? स्वयंपाकिणीनेच जेवून 'वा, छान झालंय' म्हणण्यासारखं आहे हे."

"मग कोण जोडणार? तू?"

"मीच. गोधड्या शिवते मी, हाताने. सोबतचा कागद वाचेन आणि त्यात लिहिलंय तसं करेन. तू समोर बसायचंस, लिहून घ्यायचंस आणि हात मांडीखाली ठेवायचेस."

मला मजा वाटली. शनिवारी सकाळी क्लबात कॉफी ओतून घेतली आणि बसलो. युनिसने चष्मा चढवला, कागद मोठ्याने वाचला, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने खूण केली. सावकाश, पण हात तिचा स्वच्छ. तास-दीड तासाने ती वरचा लोखंडी भाग चौकटीवर बसवायला लागली आणि तो एका जागी अडायला लागला. तिने कागद पुन्हा वाचला. पुन्हा बसवून पाहिला.

"अडतंय रे इथे. कागदात तर लिहिलंय सरळ बसेल म्हणून."

आणि मेरिल, माझा हात मांडीखालून कधी निघाला ते मला कळलंच नाही. मी चौकट घेतली, उजेडाकडे धरली, बाकावरची बारीक कानस उचलली आणि उजवीकडच्या खाचेवर दोन-चार हात मारले. परत तिच्या पुढ्यात ठेवली. वरचा भाग लोण्यासारखा बसला.

"काय केलंस आत्ता?"

"काही नाही. जरासं..."

"जरासं म्हणजे काय? कागदात जरासं कुठे लिहिलंय, दाखव मला! मी एकटी असते तर हाणून बसवलं असतं की."

मी कानस बाकावर परत ठेवली. युनिस चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. ती मूर्ख नाही. हळूच म्हणाली, "हार्लन, मेरिलने हाणूनच बसवलं असणार."

अडतीस वर्षं मी तेच करत आलो. कारखान्यात येईल तो तुकडा जरा वाकडा असतोच, तो हातात आला की सरळ करून पुढे द्यायचा, त्याची चर्चा करायची नाही. श्वास घेण्याइतकं अंगवळणी पडलेलं. तीन वर्षांपूर्वी पहिलं किट तपासलं तेव्हाही हाताने तेच केलं आणि शेऱ्यात लिहिलं की सहज बसतं. माझ्यासाठी ते सहजच होतं. किटमधली चूक मी पुसून टाकली आणि वर तिलाच प्रशस्तिपत्र दिलं.

मला हे शनिवारी कळलं, असं मी युनिसला सांगितलं. तुलाही तेच सांगणार होतो. या पत्राचा पहिला खर्डा तसाच होता, वाचायलाही बरा होता. काल सकाळी तो चुलीत घातला.

खरं असं आहे. तू चौथी गोळी झाडलीस, चौकट हातातच फुटली, आणि तुला इस्पितळात सोडून मी घरी आलो, त्याच आठवड्यात मी माझी चौकट खणातून काढली होती. मनात पाल चुकचुकत होती म्हणून भिंगाखाली धरली. उजव्या खाचेवर कानशीचे ओरखडे होते. माझेच. माझा हात मी कुठेही ओळखेन. दोन मिनिटांचं काम असेल, आणि ते मी कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हा क्लबात आणखी चौघांकडे ते किट होतं, माझा शेरा वाचून घेतलेलं. मी चौघांच्याही घरी जाऊन आलो. 'बघू जरा कसं जमलंय' म्हणत हातात घेतलं, गप्पा मारता मारता खाच सरळ करून दिली. कुणाला काही कळलं नाही. एकाने तर मला मक्याची कणसं बांधून दिली. म्हणजे बघ, पुढचा अपघात टाळण्याएवढी अक्कल मला होती. फक्त का टाळतोय हे सांगायची हिंमत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं.

मग मे महिन्यातली सभा. कुणीतरी विचारलं, "हार्लन, तू पास केलेलं किट ना ते? भरवसा ठेवायचा का?" मी उभा राहिलो आणि म्हणालो, "किट उत्तम आहे. मेरिलचा हात कात्रीला सरावलेला, कानशीला नाही." सगळे हसले. तू तिसऱ्या रांगेत होतास, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि तूही हसलास. तुझं ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुझा अंगठा मिटेना. तू दुकान बंद केलंस. एकतीस वर्षं या गावाचे केस कापलेस, लग्नाचे, प्रेताचे, सगळे. गावात लोक म्हणायचे, 'बिचारा मेरिल, नसत्या भानगडीत पडला.' मी ऐकून घ्यायचो. आणि त्या नाताळात तुझं कार्ड आलं. डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षरं इकडेतिकडे पडलेली. 'माझ्या धांदरटपणाने क्लबात तुझं नाव खराब झालं, माफ कर.' तू माझी माफी मागितलीस, मेरिल. मी कार्ड फळीवर उभं केलं आणि उत्तर दिलं नाही. तू वाट पाहिली असशील. उत्तर न मिळाल्याने तू रागावला असशील असं मी धरून चाललो, कारण तू रागावलेला असणं मला सोयीचं होतं.

काल हे सगळं पत्रकासाठी लिहून काढलं. नव्या किटचा शेरा, जुन्या किटचा शेरा, आणि मधली लबाडी. कंपनीलाही पाठवलं, माझं वाक्य खोक्यावरून काढा आणि ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना कळवा म्हणून. त्या चौघांना फोन करून सांगितलं. कणसंवाला म्हणाला, "तेव्हाच बोलला असतास तर?"

युनिसने मजकूर वाचला. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग म्हणाली, "हे छापून आलं की तुझ्याकडे कुणी किट आणणार नाही."

"नको आणू दे."

"आणि मेरिल?"

"त्याला आधी लिहितो," म्हणालो. म्हणून हे पत्र.

एकवीस तारखेला, गुरुवारी, क्लबाची सभा आहे. जिथे उभा राहून मी ते वाक्य बोललो तिथेच उभा राहून हे वाचणार आहे. माफीही तिथेच मागेन, कारण तुझी अब्रू मी तिथेच घालवली. तू यावंस असा हट्ट नाही. आलास तर माझ्याशी बोलायलाच हवं असंही नाही. अर्लीनला मात्र हे पत्र शब्द न् शब्द वाचून दाखव. तीन वर्षं तिने तुला 'कशाला गेलास त्या उद्योगात' म्हणून सुनावलं असेल, तर ते तिने मला सुनावावं.

तुझा हात चुकला नव्हता. कागदात लिहिलं होतं तेच तू केलंस, नीट केलंस. चुकला तो माझा हात, आणि तोंड जाणूनबुजून बंद ठेवलं ते मी.

यापुढे मला भाऊ म्हणायचं की नाही, हे तुझ्यावर सोपवणारा,

हार्लन