आपलं गाणं नेमकं कोणतं?

अंकुशनगर, मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९६

जालन्याच्या दुकानात आज ती कॅसेट दिसली. माझ्या लाडक्या हेवी मेटल बँडची सुरुवातीची निवडक गाणी. पण ही सगळी कॉलेजात असताना मिलिंदनं मला कॅसेटवर भरून दिलेलीच आहेत. मंग परत घ्यायची कशाला? तरी दुकानदाराला पहिलं गाणं लावायला सांगितलं, अन् गोंधळलोच. किती हळू! आवाज केवढा जाडा! गाणारा दुसराच आहे का?

येताना वडीगोद्रीला उतरलो आणि मिलिंदला त्याच्या दुकानावर गाठून विचारलं. तो हसायलाच लागला.

"अरे, माझा टेप बिघडल्ता. हळू फिरायचा. त्यावर भरलेलं दुसऱ्याच्या टेपवर जल्दी पळायचं. तुला बोललो न्हाई का?"

"न्हाई बोलला."

"मंग आता खरी घे ना!"

खरी म्हणजे कोणती? ज्या पळत्या गाण्यावर मी जीव टाकला, ते बँडनं तसं कधी वाजवलंच न्हाई? आणि मिलिंद? हळू भरलेलं त्याच्याच हळू टेपवर बराबर वाजत असणार. म्हणजे 'आपलं गाणं, आपलं गाणं' म्हणत आम्ही दोघं तासन् तास बोलायचो, ते...

पुढच्या खेपेला जालन्याहून ती कॅसेट घेतो. मिलिंद इतकी वर्षं काय ऐकत होता, ते तरी कळेल.