वंदीच्या पडद्यावरचा उशीर

४ नोव्हें., सिहोरा
वंदी रुसली आहे. मी, तिचा भाऊ, दिवसभर कंपनीसाठी पडद्याचे ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारे प्रोग्राम लिहितो, आणि घरच्या संगणकावर व्हिडिओ कॉलमध्ये तिला होणाऱ्या नवऱ्याचे, नीलेशचे हात फाटलेले दिसतात. मनगट एकीकडे, बोटं भलतीकडे. दोघांनाही ऐकू येत नाही, बोलणं सगळं हातांनी. बोटं तुटली की शब्द गेला.
आई : "लोकायच्या पडद्याले वेळ हाय तुले, घरच्याले नाही."
खरंच आहे.

६ नोव्हें.
सापडलं. व्हिडिओतलं प्रत्येक चित्र संगणक एका पानावर काढतो, आणि इथे समोर दिसणाऱ्या पानावरच नवं चित्र चढत होतं. अर्धं जुनं, अर्धं नवं. आता चित्र मागच्या पानावर पूर्ण काढायचं, मगच पान उलटायचं. तयार पानांची रांगही ठेवली. वंदीने नीलेशची अख्खी बोटं पाहिली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणजे खूश.

९ नोव्हें.
वंदीने कॉलवर लाखांदूरच्या नीलेशला विचारलंच. लग्नानंतर तू इकडे राहायला येशील का? मी शाळा सोडणार नाही. तुमसरला तिच्यासारख्याच मुलांना शिकवते ती, जीव आहे तिचा तिथे. नीलेश नुसता बघत राहिला. मग हो म्हणाला. पण ते मधलं थांबणं...
आई : "हो म्हनला ना तो? मंग काहून रडून राहिली?"
वंदीचे हात : उशिरा म्हणाला.

१० नोव्हें.
घोळ माझाच. रांगेतली पानं एकामागून एक उलटत राहतात, शिळी फेकलीच जात नाहीत. बोलणं लांबलं की वंदीला मघाचा नीलेश दिसतो. आता शिळी टाकून सर्वांत ताजं पान दाखवतो. वंदीला सगळं सांगितलं.
तिचे हात : म्हणजे त्याने लगेच हो म्हटलं होतं?
असेल. नसेलही. त्या उशिरात माझा वाटा किती, देव जाणे. फार वाईट वाटतंय.

१२ नोव्हें.
पुन्हा विचारणार म्हणते. मी म्हटलं, मिळालाय होकार तर घे की गुमान.
अर्धा होकार घेऊन काय करू?


१३ नोव्हें.
आई-बाबा धानाच्या चुरणीला, मळणीला गेलेले. मी बाजूला बसून पानांची रांग बघत होतो. वंदीने तोच प्रश्न विचारला. एकही पान अडलं नाही. नीलेशचे हात मांडीवर तसेच.
वंदी माझ्याकडे वळली. मशीन अडलं?
खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. मी नकारार्थी मान हलवली.
ती पडद्याकडे वळली तेव्हा त्याचे हात नुकते वर येत होते.